गाडगेबाबा आज फुटपाथवर दिसले तर?

डिसेंबर हा आंबेडकरी माणसाच्या दुःखाचा महिना. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबा गेले. पहिल्या दिवशी आम्ही लाखोंच्या संख्येने चैत्यभूमीवर जातो. दुसरा दिवस मात्र सरकारी कार्यालयातील तसबिरीला हार घालण्यापुरता उरला आहे. हार घातला की हातात झाडू धरून छायाचित्र काढायचे आणि घरी जायचे. झाडू मारणारा संत, एवढीच बाबांची ओळख या व्यवस्थेने शिल्लक ठेवली. राज्य सरकारने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. या गोष्टी चांगल्याच झाल्या. पण ज्या माणसाने स्वतःसाठी चार भिंती ठेवल्या नाहीत आणि निवारा नसलेल्या हजारो माणसांसाठी छपरे उभी केली, त्याच्या त्या कामाची आठवण फारशी कोणी काढत नाही. ती आज आम्हाला काढायची आहे.

तसे कारणही घडले. मध्यंतरी आमच्या वसाहतीत कार्यकर्त्यांची बैठक झाली. विषय जयंतीच्या वर्गणीचा होता. तो संपला आणि एकाने दुसराच विषय काढला. वसाहतीजवळच्या उड्डाणपुलाखाली आठ-दहा कुटुंबे राहतात, त्यांना हटवण्यासाठी महापालिकेला आणि पोलिसांना निवेदन द्यावे, असे त्याचे म्हणणे. मग कारणांची यादी सुरू झाली. ही माणसे आळशी आहेत, भीक मागतात आणि दारू पितात, घाण करतात, रात्री चोऱ्या करतात, गावाकडे त्यांची घरे आहेत, सरकारने निवारा दिला तरी तेथे जात नाहीत. बैठक बुद्धविहारात चालली होती. समोर तथागतांची मूर्ती, भिंतीवर फुले, शाहू, बाबासाहेब आणि गाडगेबाबा. निवेदनावर भराभर सह्या झाल्या. आम्ही सही केली नाही, पण विरोधही केला नाही. गप्प बसलो. घरी येताना भिंतीवरच्या त्या गोधडी पांघरलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. तोच म्हातारा उद्या त्या पुलाखाली येऊन बसला, तर आमच्या निवेदनाने त्यालाही हटवले असते. त्याच्याविषयी केलेली तक्रार शब्दाशब्दाने तीच असती. म्हणून बाबांचे चरित्र पुन्हा एकदा, या सहा आरोपांसमोर ठेवून, वाचायला हवे.

घर जाते कसे?

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी जाणोरकर, आईचे सखूबाई, मुलाचे डेबू. परीट म्हणजे गावाची धुणी धुणारा बलुतेदार. सगळ्या गावाचे कपडे त्याने स्वच्छ करायचे आणि गावाने त्याला खालच्या पायरीवर बसवायचे, ही आपल्या थोर संस्कृतीची रीत. झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि डेबू लहान असतानाच गेले. पदरात पोर घेऊन सखूबाईने माहेरची वाट धरली. मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे हे तिचे माहेर. डेबू मामाच्या घरी वाढला.

तेथे त्याने गुरे राखली, नांगर धरला, मामाच्या शेतात दिवसरात्र राबला. पंचक्रोशीत कष्टाळू पोरगा म्हणून त्याचे नाव झाले. मामा चंद्रभानजी यांच्याकडे जमीन होती. राबणारे हात होते, पीकही येत होते. तरीही ती जमीन गेली. सावकाराच्या कागदावर उठलेल्या अंगठ्यांनी ती नेली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नाही, किती फेडले आणि किती उरले याचा हिशेब लागत नाही. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या ज्या नागवणुकीवर आसूड ओढला होता, ती डेबूच्या घरातच घडली. त्या धक्क्याने मामा गेला आणि कोवळ्या वयाच्या भाच्यावर प्रपंचाचा भार पडला.

आळस हे बेघर होण्याचे कारण आहे, असे म्हणणाऱ्यांनी या मामा-भाच्यांकडे पाहावे. दोघांत आळशी कोण होता? कष्ट कमी पडले म्हणून ती जमीन गेली नाही. कर्ज, अज्ञान आणि सावकारशाही यांनी ती गिळली. आज सावकाराची नावे बदलली असतील, रीत बदललेली नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडची आमचीच माणसे रेल्वेत बसून मुंबईला आली. ज्यांना झोपडपट्टीत नातेवाईक होते ते तेथे शिरले. ज्यांना कोणी नव्हते ते फुटपाथवर राहिले. दोघांमधला फरक एका ओळखीच्या माणसाचा होता. आज पक्क्या इमारतीच्या खिडकीतून पुलाखालच्या माणसाकडे नाक मुरडून पाहणाऱ्या कित्येकांच्या आजोबांनी पहिली रात्र स्टेशनावर काढली आहे. हे आम्ही विसरलो, म्हणून त्यांना आळशी म्हणू शकलो.

दारूचेही तसेच. बाबांएवढा दारूचा वैरी महाराष्ट्राने पाहिला नसेल. दारूने त्यांचा बाप नेला होता. म्हणूनच पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण देण्यास तरुण डेबूने साफ नकार दिला आणि गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले, तरी तो मागे हटला नाही. पण झिंगराजी बेघर नव्हते. ते स्वतःच्या घरात राहून दारू प्यायले. दारू घरात प्यायली जाते, बंगल्यात प्यायली जाते, क्लबात तर मानाने प्यायली जाते. दार लावून घेणाऱ्याची दारू कोणाला दिसत नाही, ज्याला दारच नाही त्याची सगळ्यांना दिसते. बाबांनी दारूड्याला आयुष्यभर खडसावले, पण तो दारूडा म्हणून त्याचा निवाऱ्याचा हक्क गेला, असे त्यांनी कधी मानले नाही.

चिंध्यांतला माणूस

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूने घर सोडले. आई होती, पत्नी कुंताबाई होती, लेकरे होती. पुढची बारा वर्षे तो नुसता फिरत राहिला. नदीकाठ, झाडाखाल, देवळाची ओसरी, स्मशान, जेथे रात्र होईल तेथे अंग टाकायचे. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर उपडे घातलेले मातीचे गाडगे आणि हातात खराटा. भाकरी त्या गाडग्यात घ्यायची, पाणी त्यातच प्यायचे. कोणी चिंधेबुवा म्हटले, कोणी गोधडेबुवा म्हटले, शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बाबांचे बेघर होणे ही त्यांची निवड होती. पुलाखालच्या कुटुंबाची ती निवड नाही. फुटपाथवरची माणसे संसार सोडून आलेली नाहीत, ती संसार पाठीवर घेऊन आलेली आहेत. त्यांच्या हालांना वैराग्याचा मुलामा देणे ही फसवणूक ठरेल. बाबांच्या निवडीची किंमतही कुंताबाईंनी आणि मुलांनी भरली, हे विसरता येणार नाही. १९२३ साली मुलगा गोविंद कुत्रा चावून दगावला, ती बातमी बाबांना दूर कोकणात कीर्तनात कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. त्या बापाचे धैर्य सगळे सांगतात. त्या घरातल्या आईचे त्या दिवशी काय झाले असेल, हे कोणी सांगत नाही. बेघर माणसाला कोणी नसते, असा जो समज आहे तो येथेच खोटा ठरतो. प्रत्येकाचे कोणीतरी असते. बहुतेक वेळा ते त्याच्या शेजारीच, त्याच फाटक्या सतरंजीवर झोपलेले असते.

मात्र बाबांची निवड असली, तरी समाजाने त्यांना दिलेली वागणूक निवडीची नव्हती. ती सगळ्या बेघरांना मिळते तीच होती. त्या वेशातल्या माणसाला गावोगावी वेडा समजले गेले, भिकारी म्हणून हाकलले गेले. अनोळखी गावात शिरला की कुत्री मागे लागत आणि माणसे कुत्र्यांना आवरत नसत. हाच माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिला आणि हजारोंचा जमाव समोर बसला, की सकाळी हाकलणारे त्याच्या पायावर डोके ठेवायला धावत. बाबा पायाला हात लावू देत नसत. त्यांना ही गंमत चांगली कळलेली होती. माणूस तोच, चिंध्या त्याच. बदलली होती फक्त लोकांची माहिती. सकाळी लोकांनी चिंध्या पाहिल्या होत्या, रात्री माणूस ऐकला. पुलाखालच्या माणसाला ऐकायला आमच्यापैकी कोण गेला होता?

कामाविषयी सांगायचे तर, बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. रस्ता झाडत, गटार उपसत. कोणाच्या दारात गेले तर लाकडे फोडून देत, गवत कापून देत, शेतात राबत. मग भाकरी मागत. अनेकदा काम करून भाकरी न घेताच पुढच्या वाटेला लागत. फुकट खाणारा म्हणून ज्याला हाकलले, त्यानेच हाकलणाऱ्यांचा उकिरडा उपसलेला असे. आजच्या फुटपाथवरही पहाटे पाचला जाऊन पाहावे. कचरा वेचणारी बाई पाठीवर पोते टाकून निघालेली असते. हमाल बाजाराकडे जातो, बिगारी नाक्यावर उभा राहतो, कोणी लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे धरून रात्री उशिरा परतलेला असतो, कोणी केटररकडे भांडी घासून आलेला असतो, बायका गजऱ्यांसाठी फुले ओवत बसलेल्या असतात. ही माणसे काम करत नाहीत म्हणून तेथे झोपत नाहीत. काम जवळ मिळते म्हणून तेथे झोपतात. रोजच्या मजुरीतून पोट भरते, पण झोपडीचेही डिपॉझिट आणि भाडे त्यातून निघत नाही. नाका सोडून दूर राहायला जावे तर जाण्यायेण्यात मजुरी जाते आणि उशीर झाला की कामही जाते. त्यांचे काम आम्हाला दिसत नाही, कारण ती कामावर असतात तेव्हा आम्ही तिकडून जात नाही.

घाणीचा आरोप तर बाबांच्या नावाने करूच नये. बाबांच्या अंगावर चिंध्या होत्या, पण त्यांनी झाडला नाही असा गाव नाही. स्वच्छता कपड्यांच्या किमतीवर ठरत नाही, हे परिटाच्या पोराला कोणी शिकवायला नको होते. ज्याला नळ नाही, मोरी नाही, ज्याला शौचालयात जाण्यासाठी दर वेळी पैसे मोजावे लागतात, त्याने स्वच्छ राहायचे कसे? फुटपाथवरच्या बायका अंधार पडेपर्यंत थांबतात, पाणी कमी पितात आणि आजार ओढवून घेतात. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना नाकारले गेले, त्यांच्या वारसांनी तरी पाण्याविना असलेल्या माणसाला घाणेरडे म्हणू नये. ६ डिसेंबरला आमची लाखो माणसे शिवाजी पार्कच्या मैदानात उघड्यावर झोपतात. त्यांनी घाण केली म्हणून काही वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे छापले, तेव्हा आम्हाला राग आला होता. तो राग योग्यच होता. पाण्याची आणि शौचालयांची सोय करायची कोणी, हा आमचा सवाल होता. तोच सवाल पुलाखालच्या कुटुंबासाठी विचारायला आमची जीभ का अडखळते?

पंढरपूरचे वाळवंट

बाबांनी पहिले मोठे बांधकाम केले ते आपल्याच भागात, ऋणमोचनला. पूर्णा नदीकाठी यात्रा भरे आणि निसरड्या काठावरून माणसे घसरून पडत. तेथे १९०८ साली लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून घाट उभा राहिला. पुढे त्यांचे लक्ष गेले ते पंढरपूरकडे. वारीला येणाऱ्या सावकार-सरदारांचे वाडे होते, जातीजातींचे मठ होते. पण महार, मांग, चांभार वारकऱ्यांना त्या ओसऱ्यांवर जागा नव्हती. भर पावसात, आषाढीला, चंद्रभागेच्या वाळवंटात लेकराबाळांसह ती पडून राहत. विठ्ठल सगळ्यांचा, असे अभंगात म्हणायचे आणि छप्पर मात्र जात विचारून द्यायचे, असा तो धर्म. विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी दाराचा नाद सोडून छपराला हात घातला. ज्यांना कोणी उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली.

हे काम नीट समजून घ्यावे. बाबांनी पंढरपुरात देऊळ बांधले नाही. दगडाच्या देवाला छप्पर देऊन माणसाला पावसात ठेवणे त्यांना पटत नव्हते. तीर्थाला धोंडा पाणी समजणाऱ्या या माणसाला तीर्थाच्या गावी उघड्यावर पडलेली माणसे दिसली आणि त्यांच्यासाठी त्याने आयुष्य वेचले. नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपयांची कामे त्यांच्या शब्दावर झाली, पण बाबांच्या गाडग्यात कधी दमडी साठली नाही. कारभार विश्वस्तांकडे, १९५२ नंतर गाडगे महाराज मिशनकडे, आणि आपण पुन्हा रस्त्यावर. चोरी करतात म्हणून ज्यांना आम्ही हटवायला निघालो, त्या वेशातल्या माणसाकडे एवढी रक्कम विश्वासाने दिली गेली आणि पैशाचाही अपहार झाला नाही. उलट कागदावर अंगठा घेऊन मामाची जमीन लुबाडणारा सावकार चांगल्या वाड्यात राहत होता.

चोरीचा हा शिक्का आला कोठून, तेही आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरत्या जमातींना जन्माने चोर ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, मनातून तो रद्द झाला नाही. पारधी पालात दिसला की पोलीस आधी त्याला उचलतात. ज्याला एका जागी घर नाही तो संशयित, हा विचार तेथूनच आला आणि गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या आम्हीही तो उसना घेतला. खरे पाहता रस्त्यावरचा माणूसच सर्वांत जास्त लुटला जातो. त्याच्या गाठोड्याला कुलूप नसते. उशाखालची दिवसाची मजुरी, ओळखीचे कागद, पोराचे दप्तर, काहीही रात्रीत जाते. तक्रार द्यायला गेला तर त्यालाच विचारतात, तू राहतोस कोठे?

बाबासाहेबांना बाबांचे मोठेपण कळले होते. शाळेत न गेलेला एक परीट आणि परदेशातून पदव्या आणलेले घटनाकार, दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. शिक्षणासाठी वेळ पडली तर जेवणाचे ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे बाबा कीर्तनातून सांगत. १९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वारकऱ्यांच्या निवाऱ्याचे विद्यार्थ्यांचे वसतिगृह व्हावे, हा त्यामागचा हेतू. त्याच काळातली एक आठवण चळवळीत सांगितली जाते. बाबा मुंबईत आजारी असल्याचे कळताच कायदेमंत्री असलेले बाबासाहेब दिल्लीचा दौरा बाजूला ठेवून त्यांना भेटायला गेले आणि जाताना दोन घोंगड्या घेऊन गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या घेतल्या. देशाच्या कायदेमंत्र्याने बेघर माणसाला काय न्यावे? उपदेश नेला नाही, ऊब नेली. आमच्या बैठकीत पुलाखाली द्यायला कोणी घोंगडी काढली नाही, कागद काढला.

निवारा दिला तरी जात नाहीत?

आता शेवटचे दोन आरोप. गावाकडे यांची घरे आहेत आणि निवारा दिला तरी हे जात नाहीत. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर जाऊन पाहावे. विदर्भ, मराठवाडा, बिहार, बंगाल, कोठून कोठून आलेली माणसे हातात कॅन्सरची फाइल घेऊन महिनोन्महिने तेथे राहतात. त्यांची गावाकडे घरे आहेत, हे खरेच आहे. काहींनी ती गहाणही टाकली आहेत. गावातले घर मुंबईतल्या रात्री अंगावर छप्पर धरीत नाही. आजारपण, मजुरी, मुलाचे शिक्षण यांपैकी काहीतरी त्यांना शहरात आणते आणि परत जाऊ देत नाही. बाबांना हे कळले होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९५४ साली, मुंबईत जे. जे. रुग्णालयासाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. रुग्णाला खाट मिळते, पण त्याच्या सोबत आलेली बायको रात्री कोठे जाते, हा प्रश्न शिकल्यासवरल्या मुंबईला पडला नव्हता. फुटपाथवर झोपण्याची सवय असलेल्या माणसाला तो पडला. पुढे दादरला त्यांच्याच नावाने धर्मशाळा झाली आणि टाटातल्या रुग्णांना ती आधार देत आली.

बाबांच्या धर्मशाळा भरल्या, मग सरकारी निवारे रिकामे का राहतात? उत्तर अवघड नाही. बाबांनी गरज जेथे होती तेथे छप्पर नेले, घाटाजवळ, तीर्थाजवळ, रुग्णालयाजवळ. कुटुंबाला कुटुंब म्हणून राहता येईल, गाठोडे ठेवता येईल, जात सांगावी लागणार नाही, हे पाहिले. सरकारी निवारा मात्र अनेकदा कामाच्या जागेपासून लांब असतो. नवरा एकीकडे, बायको-पोरे दुसरीकडे. सामान ठेवायला जागा नाही, सकाळ झाली की बाहेर. कोणती आई वयात आलेल्या मुलीला घेऊन अनोळखी माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये झोपेल? ती फुटपाथवर आपल्या ओळखीच्या बायांच्या मध्ये मुलीला झोपवते. याला हट्ट म्हणत नाहीत, शहाणपण म्हणतात. २०१३ नंतरच्या नागरी उपजीविका अभियानात दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० माणसांसाठी चोवीस तास चालणारा कायम निवारा असावा, असे ठरले होते. आपल्या शहरातील लोकसंख्येला हा हिशेब लावून पाहावा आणि निवारे मोजावेत. मग कोण जात नाही आणि कोणी बांधले नाहीत, हे आपोआप कळेल. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर नोंदली गेली, त्यांत महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक. त्याच जनगणनेत देशातील शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. घरे कमी आहेत म्हणून माणसे रस्त्यावर नाहीत. घरे माणसांसाठी न बांधता पैसा ठेवण्यासाठी बांधली जातात, म्हणून ती रस्त्यावर आहेत.

रस्त्यावरच शेवट

नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबांनी वांद्र्याला पोलिसांसमोर कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झाले आणि त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. महिन्याभरातच बाबासाहेब गेल्याची बातमी आली. बाबा आधीच थकलेले होते, त्यात हा घाव बसला. २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलाजवळ, प्रवासातच त्यांनी प्राण सोडला. ज्याने एवढ्या धर्मशाळा बांधल्या त्याला मरण आले ते रस्त्यावर.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे, मग ते गाऊन असो वा नाचून, हा गुन्हा ठरला. एवढेच नव्हे, ज्याला उपजीविकेचे दिसेल असे साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो की तो भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, तोही या कायद्याच्या व्याख्येत बसला. पोलिसाला वॉरंटविना त्याला पकडता येई, एक ते तीन वर्षे कोंडून ठेवता येई. या व्याख्येत गाडगेबाबा तंतोतंत बसतात. फाटके वस्त्र, हातात भांडे, रस्त्यावर वास्तव्य, गाऊन लोकांना जमवणे. ज्या पोलिसांनी मांडी घालून कीर्तन ऐकले, त्यांनाच तीन वर्षांनी त्या म्हाताऱ्याला गाडीत घालावे लागले असते. हा कायदा इतर अनेक राज्यांत आणि दिल्लीतही नेण्यात आला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती त्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. गरीब असणे हा गुन्हा होऊ शकत नाही, ही बाबासाहेबांच्या घटनेतली साधी गोष्ट न्यायालयात सांगण्यासाठी साठ वर्षे लागली.

म्हणून आम्हाला आमच्या बैठकीकडे परत जायचे आहे. ते निवेदन अजून दिले गेलेले नाही. जयंतीच्या गडबडीत ते कार्यालयाच्या कपाटात पडून आहे. पुढच्या बैठकीत आम्ही ते बाहेर काढायला सांगणार आहोत आणि त्याच्या जागी दुसरे ठेवणार आहोत. त्यात पुलाजवळ पाण्याचा नळ आणि बायकांसाठी मोफत शौचालय मागू. कुटुंबांसाठी, कामाच्या जागेजवळ, चोवीस तासांचा निवारा मागू. त्या कुटुंबांतील मुलांची नावे शाळेत घालू. घराचा पत्ता नसला तरी मतदार यादीत नाव घालता येते. निवडणूक कर्मचारी रात्री जाऊन तो माणूस खरोखर तेथे झोपतो की नाही हे पाहतो आणि नोंद करतो. एक माणूस एक मत हा हक्क बाबासाहेबांनी घर पाहून दिलेला नाही. ही नोंदणी करून घेण्यासाठी आमच्या तरुणांनी दोन रात्री दिल्या तरी पुष्कळ होईल.

कदाचित आम्हाला विरोध होईल. वर्गणी देणारे चार जण नाराजही होतील. होऊ देत. पण त्याआधी एक काम करायचे आहे. सही केलेल्या प्रत्येकाला घेऊन एका संध्याकाळी पुलाखाली जायचे, त्या माणसांच्या सतरंजीवर बसायचे आणि त्यांचे गाव कोणते, जमीन कशी गेली, काम कोणते करतात, हे विचारायचे. आम्हाला खात्री आहे की त्यातला निदान एक जण आमच्याच कोणाच्या तरी गावचा निघेल. मग निवेदनावरची सही खोडायला कोणाला सांगावे लागणार नाही. २० डिसेंबरला तसबिरीला हार घालण्याआधी एवढे झाले, तर गाडगेबाबांना ते खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!